ळ

सासवडच्या जकात नाक्यावर तेव्हा
सीताफळाच्या पाटीला बारा नवे पैसे पडत.
पावती गुलाबी. ती छापायचो आम्ही,
कऱ्हेकाठी, पोंक्ष्यांच्या छापखान्यात.
मी जुळारी. खिळे जुळवून जुळवून
मला सगळं उलटं वाचायची सवय.

एकसष्टच्या श्रावणात पुस्तकं छापली,
एक ते पन्नास. बिल नगरपालिकेच्या नावे.
भाद्रपदात पुन्हा ऑर्डर. तोंडी.
तेच नंबर, एक ते पन्नास.
पोंक्षे म्हणाले, रात्री बस. दार लावून घे.
पंधरा रुपये ठेवले हातावर.
त्यात थोरलीचे पैंजण गहाणातून सुटले.
हेही सांगून टाकतो,
कारण कोर्टात हे कुणी विचारलंच नाही.

त्या रात्री ळ हातातून निसटला,
शहाबादी फरशीवर टणकन.
उजव्या फुग्याला चीर गेली, केसाएवढी.
दुसरा घ्यायचा तर बाकीचे ळ
गणेश मंडळाच्या अहवालात अडकलेले.
म्हटलं, जाऊ दे.
सीताफळ कोण वाचतंय?

खळदकर वाचत होते.
पुण्याहून आलेले हिशेबतपासनीस,
सायकलला कातडी पिशवी, खिशात फुटाणे.
तीन पहाटा नाक्यासमोर
चहाच्या टपरीत बसून पाट्या मोजल्या.
साठ गेल्या, वहीत चाळीस.
मग छापखान्यात आले
आणि दगडावर दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या.
नंबर एकच. तीनशे चौदा.
पोंक्षे हसले, म्हणाले, डोळ्यांचा खेळ साहेब.
मी हसलो नाही. मी चीर पाहिली.
आणि खळदकरांनी
मला चीर पाहताना पाहिलं.

त्याच रात्री दौलतशेठचा माणूस आला.
पान लावत बसला निवांत.
"जुळाऱ्या, बोटं किती रे तुला?"
दहा, म्हटलं.
"मोजत राहा."

शिवाजीनगरच्या कोर्टात
वकील म्हणाले, फुटका खिळा
कुठल्याही गावात फुटतो, मिलॉर्ड.
मी बंडीच्या खिशातून काढला तो,
कारकुनाच्या शिक्क्याच्या शाईत बुडवला,
आणि समोरच्या कागदावर दाबला.
साहेबांनी भिंग मागवलं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
पंखा तेवढा कुरकुरत होता.
"ही दुसरी पुस्तकं जुळवली कुणी?"
मी.
"नाव सांगा."
यमाजी काळाणे.
लेखनिकानं ळ काढला, ठसठशीत, गोल.

नाकेदार भिकोबा झेंड्याला अठरा महिने.
पोंक्ष्यांना दंड.
मला माफी, आणि दुसऱ्या दिवसापासून काम नाही.
दौलतशेठची सही कुठंच नव्हती.
नगराध्यक्ष होते ते,
सही करायला माणसं होती त्यांना.
पुढल्या वर्षी नवा नाका बांधला, उद्घाटन त्यांच्याच हस्ते.
कोनशिळेवर नाव आहे अजून.
जाऊन पाहा,
त्या दगडात एकही अक्षर फुटकं नाही.

पण ते नंतरचं.
निकालाच्या संध्याकाळी सासवडच्या एसटीत
माझ्या पुढच्या बाकावर भिकोबाची बायको होती.
मांडीवर डबा, तसाच बांधलेला.
नेला होता, देऊ दिला नसेल.
दिवे घाटात गाडी पहिल्या गिअरात रडायला लागली
तेव्हा ती मागे वळली.
आवाज चढवला नाही.
"एवढं बारीक वाचता येतं तुम्हाला,
मग वरचं नाव का नाही वाचलं?"

तेवढ्यात कंडक्टर आला.
दोघांची तिकिटं फाडली.
मी नंबर पाहिले.
वेगळे होते.